दोन दिवसांची लहर: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१६ जून २०२५

विषय पक्का झाला. जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटरवरचा वारा, आणि त्यात साधारण दर ४८ तासांनी उलटसुलट होणारी ग्रहव्यापी लहर. बाहेर पाऊस कोसळत असताना मान्सून सोडून हे कुठलं काढलंत, असं विभागात एकदोघांनी विचारलंच. उत्तर असं की हा वारा मोजायचं यंत्र आमच्याच गावात बसवलेलं आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात १९९९ साली एमएफ, म्हणजे मध्यम वारंवारतेचा, रडार उभारला. त्याआधी १९९२ पासून तसाच एक तिरुनेलवेलीला होता. दोन्हींची वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ.

हा रडार ढग पाहत नाही, की विमानं पाहत नाही. वर सोडलेले स्पंद आयनांबराच्या सगळ्यात खालच्या, विरळ आयनीभूत थरातून क्षीणपणे परततात. जमिनीवर त्रिकोणात मांडलेले तीन अँटेना ते पकडतात. वरची हवा सरकली की परतीच्या लहरींची नक्षीही जमिनीवर सरकते. एका अँटेनावर दिसलेला चढउतार दुसऱ्यावर किती उशिरा दिसला, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा निघते. साधारण ६८ ते ९८ किलोमीटर, दर दोन किलोमीटरला एक आकडा.

या उंचीवर सगळ्यात मोठा गोंधळ सूर्याचा: २४ आणि १२ तासांच्या वातावरणीय भरती-ओहोट्या. त्या बाजूला काढल्या की खाली दोन, पाच, दहा, सोळा दिवसांच्या लहरी दिसू लागतात. आम्ही फक्त दोन दिवसांचीच धरणार आहोत. १९७२ साली म्युलर यांनी शेफील्डच्या उल्का-रडारच्या वाऱ्यांमध्ये ती दाखवली, तेव्हापासून तिच्यावर लिहिणं थांबलेलं नाही. आणि तरीही ती नेमकी कशी जन्मते यावर एकमत नाही, म्हणूनच ती निवडली.

१८ जून

रडारची आकडेवारी हवी तर रीतसर पत्र द्यावं लागेल. दिलं. तोवर नासाचं मेरा-२ हे पुनर्विश्लेषण, म्हणजे निरीक्षणं मॉडेलमध्ये घालून बांधलेलं जगभरच्या हवेचं चित्र, वापरायचं. १९८० पासूनचं, दर तीन तासांनी, ७२ थर, रेखांशावर ०.६२५ अंशाची जाळी. अडचण वरच्या टोकाला आहे: सगळ्यात वरचा थर ०.०१ हेक्टोपास्कलचा, म्हणजे जेमतेम ८० किलोमीटरच्या आसपास. लहरीचा जोर ९० ते ९५ किलोमीटरवर. म्हणजे आपल्याला तिचा पायथा दिसेल, माथा नाही. हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायचं, परिशिष्टात दडवायचं नाही.

२४ जून

आज संगणक बंद, कागद-पेन्सिल.

हाउरविट्झ यांचं १९४० चं जुनं सूत्र: स्थिर, पसरण-आकुंचन नसलेल्या वातावरणाच्या थरात लहरीचा कालावधी, दिवसांत, n(n+1) भागिले 2s. इथे s म्हणजे अक्षवृत्ताभोवती किती शिखरं बसतात तो वेव्हनंबर, आणि n उत्तर-दक्षिण रचनेचा आकडा. s=१, n=२ घातलं की ३ दिवस येतात; प्रत्यक्षात ही लहर पाच दिवसांची असते, कारण खरी हवा दाबली जाते आणि फुगतेही. s=१, n=४ ला १० येतात, प्रत्यक्षात सुमारे १६. म्हणजे सूत्र ढोबळ आहे. पण s=३, n=३ घातलं की बरोबर २ दिवस, आणि इथे मात्र तपशिलात शिरूनही उत्तर फारसं हलत नाही: सुमारे २.१ दिवस. सॅल्बी यांनी १९८१ मध्ये मांडलं ते हेच, की दोन दिवसांची लहर ही वातावरणाच्या नैसर्गिक कंपनांपैकी एक आहे, रॉसबी-गुरुत्व जातीची (पृथ्वीचं फिरणं आणि गुरुत्व दोन्ही मिळून घडवतात ती), तीन शिखरांची.

मग s=४, n=४ घालून पाहिलं. अडीच दिवस. पण उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात चार शिखरांची जी लहर दिसते ती ४२ ते ४५ तासांची, म्हणजे दोन दिवसांपेक्षाही कमी. सूत्र उलट्या दिशेला जातंय. समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

वेगाचा हिशोबही केला. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किमी. तीन शिखरं, ४८ तास: एक शिखर ताशी २७८ किमीनं, म्हणजे सेकंदाला ७७ मीटरनं पश्चिमेकडे धावतं. चार शिखरं आणि ४२ तास: सेकंदाला ६६ मीटर. कालावधी वेगळे, वेव्हनंबर वेगळे, पण वेग एकाच घरातले. हे विसरायचं नाही.

२ जुलै

डाउनलोड. एका दिवसाची पूर्ण फाइल गिगाबाइटच्या घरात जाते, आणि वसतिगृहाचं वायफाय संध्याकाळी सातनंतर नुसतं नावाला. ओपनडॅपनं (फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागवायची सोय) फक्त वरचे थर, ६० दक्षिण ते ६० उत्तर, फक्त पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर वारा आणि तापमान एवढंच कापून घेतलं. सुरुवातीला दोनच कालखंड: जानेवारी-फेब्रुवारी २००६ आणि त्याच वर्षीचे जुलै-ऑगस्ट. २००६ चा जानेवारी मुद्दाम. त्या वर्षी ही लहर विलक्षण जोरात होती आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे आपलं उत्तर ताडून पाहता येईल.

सगळ्यात वरच्या काही थरांत मॉडेलमध्ये कृत्रिम दमन असतं, नाहीतर लहरी छताला आपटून परततील. ते थर चित्रात ठेवायचे, पण त्यांच्यावरून मोठेपणा मोजायचा नाही.

५ जुलै

खरा डेटा घालण्याआधी खोटी लहर. s=३, ४८ तास, पश्चिमेकडे; तीच पूर्वेकडे; मग दोन्ही एकत्र. नमपाय या पायथनच्या गणिती संचातल्या द्विमितीय फूरिए रूपांतरात पश्चिमेची लहर दोन्ही अक्षांच्या समान चिन्हांच्या चौकटीत पडते, पूर्वेची विरुद्ध चिन्हांच्या. हे पाठ करण्यापेक्षा चाचणीच कोडमध्ये कायमची ठेवली. ती पास झाल्याशिवाय पुढचं काही चालत नाही. जोडीदार म्हणाला, "एवढं कशाला?" पण या विषयात पूर्व-पश्चिम उलटली की लहरीची जातच बदलते. पूर्वेकडे जाणारी केल्विन लहर वेगळी, हिचा तिच्याशी काही संबंध नाही.

११ जुलै

जानेवारी २००६, ०.०२ हेक्टोपास्कल, दक्षिणोत्तर वारा. पहिलंच चित्र स्वच्छ आलं: s=३, पश्चिमेकडे, ४८ तासांच्या खाचेत एकच ठळक डाग. बाकी सगळं फिकट.

दक्षिणोत्तर वाराच का, हे मार्गदर्शक मॅडमनी विचारलं. कारण रॉसबी-गुरुत्व लहरीत दक्षिणोत्तर वारा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि कमी अक्षांशांवर सगळ्यात जोरदार. पूर्व-पश्चिम वारा आणि तापमान मात्र विषुववृत्तापाशी चिन्ह बदलतात, तिथे जवळजवळ शून्य. १६.८ अंश उत्तरेला बसून ही लहर पकडायची तर उत्तर-दक्षिण हेलकावाच पाहायला हवा. तापमानाचा नकाशा काढला तर दक्षिण गोलार्धात मोठा पट्टा आणि उत्तरेला फिकट. अगदी सममित नाहीच, कारण जानेवारीत उन्हाळा दक्षिणेला असतो आणि लहर उन्हाळ्याकडे झुकते.

रेखांश-वेळ आलेखावर तिरके पट्टे पाहायला मजा येते. एक शिखर दोन दिवसांत १२० अंश सरकतं, तासाला अडीच अंश. चित्रावर पट्टी ठेवून मोजलं तरी जमतं.

१५ जुलै

जुलै २००६. इथे चित्र गढूळ. s=३ आणि s=४ दोन्ही, कधी ही पुढे कधी ती. दक्षिणेच्या उन्हाळ्यात जी लहर ४८ तासांना चिकटून असते, ती उत्तरेच्या उन्हाळ्यात मोकाट: कालावधी इकडेतिकडे, जोरही कमी.

खिडकीचा प्रश्न. दहा दिवसांची सरकती खिडकी घेतली तर वारंवारतेची बारीकी दिवसाला ०.१ फेरे. ४८ तास म्हणजे ०.५, ४२ तास म्हणजे ०.५७. दोघी एकाच खाचेत! खिडकी वाढवली तर लहर टिकेल याची खात्री नाही, ती काही आठवड्यांत येते आणि विरते. सुटका वेव्हनंबरनं होते: रेखांशात आधी वेगळ्या केल्या की वेळेत त्या एकमेकींवर पडल्या तरी बिघडत नाही. पण त्यासाठी पूर्ण अक्षवृत्त लागतं, आणि एका रडारकडे तेच नसतं.

२२ जुलै

म्हणून उलटा प्रयोग. मेरा-२ मधला कोल्हापूरचा जवळचा बिंदू घेतला, १७ उत्तर, ७४.३७५ पूर्व, आणि समजायचं की आपल्याकडे तेवढंच आहे. शिवाय रडारसारखी भोकं पाडली. ८० किलोमीटरच्या खाली रात्री इलेक्ट्रॉनच उरत नाहीत, म्हणून परतावा दिवसाच मिळतो. तेव्हा सकाळी ७ ते संध्याकाळी ५ एवढंच ठेवायचं, तेही स्थानिक सौर वेळेनं. कोल्हापूरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या ३३ मिनिटं मागे आहे, तेवढी दुरुस्ती केली.

असमान अंतरांचा डेटा, म्हणून त्यासाठीचीच कालावधी शोधायची पद्धत, लोम्ब-स्कार्गल. ४८ तासांचं शिखर येतं. आणि त्याच्याबरोबर १६ तासांचंही येतं, मूळ डेटात नसताना. दिवसातून एकदाच उघडणारी खिडकी असली की दिवसाला ०.५ फेऱ्यांची लहर १.५ फेऱ्यांच्या लहरीचा मुखवटा घालते. खिडकी दहा तास रुंद असल्यानं मुखवटा अगदी हुबेहूब नाही, पण किमान-वर्ग पद्धतीनं ४८, २४, १६, १२ हे सगळे एकत्र बसवले तर ४८ आणि १६ चे गुणांक एकमेकांवर टेकून उभे राहतात. एकाला ढकललं की दुसरा हलतो.

तिरुनेलवेलीची जोड दिली तर? रेखांशातला फरक ३.६ अंश. s=३, ४८ तासांचं शिखर तिकडून कोल्हापूरला ८६ मिनिटांत पोचेल. s=४, ४२ तासांचं १०१ मिनिटांत. दोघांतला फरक पाव तास. तासातासाच्या सरासरी आकड्यांतून पाव तास काढायचा, तेही अक्षांश आठ अंशांनी वेगळे असताना. सोडून दिलं. लांबचा जोडीदार हवा: ॲडलेडजवळच्या बकलंड पार्कचा किंवा हवाईतल्या कौआईचा एमएफ रडार, म्हणूनच जुन्या कामांत ही नावं पुन्हा पुन्हा येतात.

३० जुलै

मग वाटलं, उपग्रह तर जगभर फिरतो, त्याला ही अडचण नसेल. तर त्याला तीच आहे, फक्त वेगळ्या वेषात. आजचा पूर्ण दिवस यावर गेला आणि तो सार्थकी लागला.

ऑरा उपग्रहावरचं एमएलएस (सूक्ष्मलहरींवरून वरच्या हवेचं तापमान काढणारं) उपकरण सूर्यसमकालिक कक्षेत आहे: विषुववृत्त ओलांडताना खाली, आमच्या २००६ च्या डेटाच्या काळात, कायम दुपारचे पावणेदोन किंवा रात्रीचे पावणेदोन. कायम एकाच स्थानिक वेळेला पाहणाऱ्याला लहरीची खरी वारंवारता दिसत नाही. पश्चिमेकडच्या लहरीसाठी दिसतो तो वारंवारता आणि वेव्हनंबर यांमधला फरक. s=३, दिवसाला ०.५: फरक २.५. आता ही लहर सूर्याबरोबर फिरणाऱ्या २४ तासांच्या भरतीशी (s=१, दिवसाला १ फेरा) मिसळली तर दोन नव्या लहरी जन्मतात. बेरजेची: s=४, १६ तास, पश्चिमेकडे. वजाबाकीची: s=२, ४८ तास, पूर्वेकडे. बेरजेचीचा फरक ४ वजा १.५, म्हणजे २.५. वजाबाकीची पूर्वेकडे जाते म्हणून २ अधिक ०.५, पुन्हा २.५. आई आणि दोन्ही मुली उपग्रहाला एकाच रूपात दिसतात!

आणि हा योगायोग नाही. सूर्याबरोबर फिरणारी भरती उपग्रहाला स्थिरच दिसते, तिची वारंवारता शून्य. शून्य मिळवा नाहीतर वजा करा, आकडा तोच.

पुढचं जोडीदारानं फळ्यावर सोडवलं. दुपारची आणि रात्रीची दोन्ही मोजमापं एकत्र घेतली तर विषम वेव्हनंबर समपासून सुटा होतो, कारण बारा तासांच्या अंतरात तीनच्या लहरीचं चिन्ह उलटतं आणि चारच्या किंवा दोनच्या लहरीचं उलटत नाही. म्हणजे आई वेगळी काढता येते. मुली मात्र एकमेकींत अडकलेल्याच राहतात. त्यांच्यासाठी वेळ बदलत जाणारी कक्षा हवी किंवा जमिनीवरचे रडार.

२००४ पासून मेरा-२ च्या वरच्या भागात, ५ हेक्टोपास्कलच्या वर, एमएलएसचंच तापमान घातलं जातं. म्हणजे ज्याच्यावर आम्ही विसंबलोय त्यालाही हाच चष्मा आहे. वारा तर तिथे कुणी मोजतच नाही, मॉडेलची गतिकी तो तापमानावरून घडवते. s=३ वर आमचा भरवसा आहे. १६ तासांच्या लहरीबद्दल मेरा-२ वरून एक वाक्यही लिहायचं नाही.

८ ऑगस्ट

उगमाचा प्रश्न. चार्नी आणि ड्राझिन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जमिनीला खिळलेल्या ग्रहीय लहरी पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यातून वर चढू शकत नाहीत. उन्हाळ्यात मध्यांबरात, म्हणजे साधारण ५० ते ८५ किलोमीटरच्या थरात, पूर्वेचाच वारा, म्हणून हिवाळ्याच्या मानानं तिथे शांतता असायला हवी. तरी ही लहर उन्हाळ्यातच फोफावते. दोन कारणं असू शकतात. एक, ती वाऱ्यापेक्षाही वेगानं पश्चिमेकडे जाते, त्यामुळे तिच्या दृष्टीनं वारा उलटाच. दुसरं, ती खालून येतच नाही; तिथल्या तिथे, जेटच्या (जोरदार वाऱ्याच्या अरुंद झोताच्या) अस्थैर्यातून जन्मते. हे दुसरं प्लंब यांनी १९८३ मध्ये मांडलं.

तपासायचं तर विभव भ्रमिलतेचा (हवेचं गरगरणं आणि थरांची रचना यांचं एकत्र माप) उत्तर-दक्षिण उतार काढायचा आणि तो कुठे चिन्ह बदलतो ते पाहायचं, कारण अस्थैर्य तिथेच शक्य असतं. लिहायला एक ओळ, काढायला वैताग. वाऱ्याची दोनदा अवकलनं, तीही असमान अंतराच्या थरांवर. वरच्या दोन थरांत नुसती खरखर. दहा दिवसांची सरासरी घेतल्यावर चित्र बसलं: जानेवारी २००६ मध्ये दक्षिणेच्या पूर्व-वाऱ्याच्या जेटच्या ध्रुवाकडच्या आणि वरच्या अंगाला उलट उताराचे पट्टे. लहर वाढते तेव्हा ते ठळक, तिनं ऊर्जा खाल्ली की फिके. सुसंगत आहे. सिद्ध आहे असं नाही.

जूनमधलं समासातलं प्रश्नचिन्ह इथे कामाला आलं. अस्थैर्यातून जन्मणारी लहर आसपासच्या जेटच्या वेगाला धरून राहते, शिखरं तीन असोत की चार. म्हणूनच ४८ तासांची तीन शिखरांची आणि ४२ ची चार शिखरांची यांचे वेग जवळपास. चार शिखरांना निव्वळ नैसर्गिक कंपनाचं सूत्र अडीच दिवस देतं आणि निसर्ग ते मानत नाही.

१९ ऑगस्ट

मॅडमसमोर मांडणी. त्यांचं म्हणणं: "दोघांपैकी एकच खरं, असा हट्ट कशाला धरतेस? झोपाळ्याचा झोका दोरीच्या लांबीवर ठरतो. ढकलतंय कोण, हा वेगळा प्रश्न." बरोबर. तीन शिखरांच्या बाबतीत नैसर्गिक कालावधी आणि जेटचा वेग दोन्ही ४८ तासांच्या आसपास येतात, म्हणून जानेवारीत ती एवढी माजते.

"आणि बरोबर ४८ च का, ५० का नाही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याला तिसरी बाजू आहे. वॉल्टरशाइड आणि व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये मांडलं की दक्षिणेच्या उन्हाळ्यातली लहर २४ तासांच्या भरतीकडून ऊर्जा घेते आणि तिच्या निम्म्या वारंवारतेला कुलूपबंद होते. आमच्या जानेवारीच्या चित्रात शिखर दर दोन दिवसांनी त्याच स्थानिक वेळेला परत येतं, जुलैत सरकत जातं. कुलपाची खूण दिसते. किल्ली कुणाकडे ते सांगायला ९० किलोमीटरच्या वरची भरती मोजावी लागेल, आणि तिथवर मेरा-२ पोचत नाही.

२००६ बद्दलही बोलणं झालं. त्या जानेवारीत उत्तर ध्रुवाकडे स्थितांबराचं (मध्यांबराच्या खालच्या थराचं) मोठं आकस्मिक तापन झालं होतं, म्हणजे काही दिवसांतच तिथलं तापमान झपाट्यानं चढलं होतं. हिवाळी गोलार्धातल्या जोरदार ग्रहीय लहरी विषुववृत्त ओलांडून उन्हाळी जेटच्या कडेपर्यंत पोचतात आणि तिथलं अस्थैर्य वाढवतात, असं एक स्पष्टीकरण आहे. एका वर्षावरून आम्ही ते म्हणणार नाही. २००९ चाही जानेवारी उतरवायचा. त्या वर्षीचं तापन तर विक्रमी होतं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. प्रयोगशाळा बंद, अर्धा वर्ग गावी. रडारच्या पत्राला उत्तर नाही. २००९ चं डाउनलोड रात्री लावून ठेवलं.

९ सप्टेंबर

२००९ चं चित्र: s=३ आहे, पण २००६ इतकी नाही. तापन मोठं, लहर तेवढी मोठी नाही. सरळ एकास-एक नातं शोधणाऱ्याला हे टोचेल. जेट आधीपासून किती अस्थैर्याच्या काठावर होता यावर बरंच अवलंबून असणार. दोन वर्षांचे उताराचे नकाशे शेजारी ठेवून पाहायचं.

मधल्या वेळात एक जोडधंदा सुचला. ही लहर १०० ते १२० किलोमीटरपर्यंत पोचली की तिथल्या वाहक थरातली हवा हलवते, त्यातून विद्युतप्रवाह बदलतो आणि जमिनीवरच्या चुंबकसूचीलाही ते जाणवतं. आपल्याकडे अलिबाग आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तिकडे हलवली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे मालिका तुटू नये. एवढी लांब, एवढी काळजीपूर्वक ठेवलेली नोंद असताना तिच्यात दोन दिवसांची लहर शोधायचा मोह होणारच. पण चुंबकीय वादळं वगळायची, चंद्राचा परिणाम काढायचा, आणि दिवसातल्या चढउताराचा आवाका दिवसातून एकदाच मोजला तर ४८ तास नेमके मोजमापाच्या शेवटच्या मर्यादेवर येतात. म्हणजे तोच जुना सूर्याच्या घड्याळाचा त्रास, तिसऱ्यांदा. या प्रकल्पात नाही.

१८ सप्टेंबर

रडारचं उत्तर आलं: नेमके कोणते महिने आणि कोणत्या उंच्या, ते कळवा. बसून ठरवलं. जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट. उंची दोन पट्ट्यांत: ७० ते ७६, जिथे मेरा-२ शी तुलना होईल, दिवसाचाच डेटा असला तरी, आणि ८४ ते ९०, जिथे रात्रीही परतावा मिळतो आणि ४८ ला १६ पासून वेगळं काढता येईल. त्याच्या वर मागत नाही. ९० च्या पुढे एमएफ रडार वारा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. तिरुनेलवेलीचे तेच महिने मागितले, पण ९० च्या बरंच खाली थांबून, कारण तिथे वर विषुववृत्तीय विद्युतझोताची ढवळाढवळ असते.

पत्र मॅडमच्या सहीला दिलं. वरच्या पट्ट्यासाठी कोडमधली खिडकी आता २४ तासांची करून ठेवायची, आणि १६ तासांची खोटी लहर चाचणीत घालायची.